परकोटाला दोष देण्याआधी

चंद्रपूर आणि गडचिरोली या शेजारी जिल्ह्यांच्या मुख्य शहरांत दीर्घ खंडानंतर लोकनियुक्त सभागृहे पुन्हा अस्तित्वात आली आहेत. गडचिरोली नगर परिषदेची निवडणूक डिसेंबर २०२५ मध्ये झाली, चंद्रपूर महानगरपालिकेची जानेवारी २०२६ मध्ये. त्याआधी जवळपास चार वर्षे दोन्ही ठिकाणी प्रशासकांचा कारभार होता. रस्ता कोठे खोदायचा, कोणता चौक बंद करायचा, वाहने कोठे उभी करू द्यायची, हे निर्णय या काळात कार्यालयात होत राहिले. सामान्य माणसाला त्यांचा पत्ता लागे तो सकाळी घराबाहेर पडल्यावर, वाटेत आडवे लावलेले बॅरिकेड पाहून. जाब विचारावा तर वॉर्डात नगरसेवक नव्हता, अधिकाऱ्याला भेटावे तर तो बैठकीत होता. आता नगरसेवक आले आहेत. सत्काराचे हार वाळून गेले असतील, तर ज्या एका विषयावर या दोन्ही शहरांतील घराघरात रोज चिडचिड होते, त्याकडे त्यांचे लक्ष वेधणे उचित ठरेल. तो विषय आहे आपल्या गावच्या रस्त्याचा.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. जंगल, वाघ, कोळसा, लोहखनिज आणि कालपरवापर्यंत नक्षलवाद, अशा मोठ्या प्रश्नांनी ओळखल्या जाणाऱ्या भूभागात स्कूटर कोठे लावायची हा काय संपादकीयाचा विषय झाला? परंतु शासन आणि समाज यांची रोजची गाठ पडते ती रस्त्यावरच. तेथे जर बळी तो कान पिळी हाच नियम असेल, तर सभागृहातील भाषणांना फारसा अर्थ उरत नाही.

प्रथम चंद्रपूरचा विचार करू. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाहने वसवलेल्या या नगराभोवती सुमारे ११ किलोमीटर लांबीचा परकोट आहे. उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा आणि पश्चिमेला बिनबा असे त्याचे चार दरवाजे, आणि बगड, हनुमान, विठोबा, चोर व मसाण अशा पाच खिडक्या. हत्तीवर आरूढ झालेला सिंह हे गोंड राजवटीचे चिन्ह या दरवाजांवर आजही दिसते. त्यांतून जाणारी वाहतूक हत्ती, घोडे, बैलगाड्या आणि पायी चालणारी माणसे यांची होती. आज नागपूर रस्त्याकडून शहरात येणारा मोठा लोंढा जटपुरा दरवाजाशी येऊन कोंडतो. सायंकाळी शाळा-शिकवण्या सुटण्याची, कार्यालये बंद होण्याची आणि बाजारात गर्दी होण्याची वेळ एकच. दुचाक्या, ऑटोरिक्षा, मोटारी, मालाचे टेम्पो आणि मधूनच अडकलेली रुग्णवाहिका! चैत्रात महाकालीच्या यात्रेसाठी मराठवाडा आणि तेलंगणातून भाविक येतात, तेव्हा तर गावकऱ्यांना स्वतःच्याच गावात वाट मिळत नाही.

यावर जो उपाय वारंवार पुढे येतो, तो म्हणजे परकोट फोडून नवी वाट काढण्याचा. त्रस्त नागरिकाच्या तोंडून ही मागणी येणे समजण्यासारखे आहे. पण ती जबाबदार मंडळींच्या तोंडी शोभत नाही. हा परकोट संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाभोवतीच्या १०० मीटरच्या परिघात नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित आहे. कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी हा वारसा आपलाच आहे. इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी मार्च २०१७ पासून शेकडो दिवस श्रमदान करून या परकोटावरची झाडेझुडपे आणि कचरा काढला. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०१७ च्या ‘मन की बात’मध्ये त्या कामाचा गौरवाने उल्लेख केला. ज्या भिंतीसाठी गावच्या पोरांनी घाम गाळला, ती मोटारींच्या सोयीसाठी पाडायची काय?

मुळात दोष भिंतीचा आहे का, हेही पाहिले पाहिजे. जटपुरा दरवाजातून आत आल्यावर महात्मा गांधी मार्ग आणि कस्तुरबा मार्ग हे बाजारपेठेचे दोन मुख्य रस्ते लागतात. या रस्त्यांच्या कडांना मोटारी व दुचाक्या उभ्या असतात, त्यांच्या पुढे हातगाडी, हातगाडीपुढे तिचे गिऱ्हाईक. रस्ता कागदावर कितीही रुंद असो, चालायला उरते ती मधली चिंचोळी पट्टी. दरवाजाचे तोंड मोठे केले, तरी पोटात जागा नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातला हा प्रकार. उभ्या असलेल्या एका मोटारीला साधारण साडेबारा चौरस मीटर जागा लागते. तेवढ्यात दहा सायकली सहज राहतात. मोटार बाजारात येते एका माणसाला घेऊन आणि दोन तास जागा अडवते. या हिशेबाने पाहिले तर बाजारातील सर्वांत महागडी जमीन आपण फुकट वाटत आहोत, आणि तीही ज्याला चालणे सहज शक्य आहे त्याला.

मग हे थांबवायचे कोणी? येथे आपण टोलवाटोलवीच्या परिचित खेळापाशी येतो. वाहतूक शाखा म्हणते, आम्ही दंड करतो, पण वाहनतळ महापालिकेने द्यावा. महापालिका म्हणते, जागा नाही, आणि अमुक रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा आहे. बांधकाम विभाग महामार्गाच्या यंत्रणेकडे बोट दाखवतो आणि महामार्गवाले अतिक्रमण काढण्यासाठी पुन्हा महापालिकेकडे. दरवाजापाशी पोहोचल्यावर पुरातत्त्व विभाग आहेच. वास्तविक कायद्यात संदिग्धता फारशी नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत रस्ते आणि पूल तर आहेतच, शिवाय पथदिवे, बसथांबे आणि वाहनतळ ही नागरी सेवाही नावानिशी आहे. वाहने कोठे उभी राहू शकतील हे स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवावे, असे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ११७ सांगते. अर्थात पोलीस आणि पालिका यांनी एका टेबलावर बसणे ही कुणाची मेहेरबानी नव्हे, ते कायद्यालाच अभिप्रेत आहे.

आणखी एक गोष्ट. ज्या शहराची लोकसंख्या ३ लाख किंवा त्याहून अधिक आहे, तेथे प्रभाग समित्या असाव्यात, असे राज्यघटनेचा अनुच्छेद २४३-एस सांगतो. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूरची लोकसंख्या ३ लाख २० हजारांच्या घरात होती. या समित्या केवळ सभापतिपदांची संख्या वाढवण्यासाठी नाहीत. एकेरी वाहतूक, फेरीवाल्यांची जागा, शाळेसमोरचा गतिरोधक असे प्रश्न महापालिकेच्या मोठ्या सभागृहात गोंधळात बुडून जातात. ते जेथे नीट बोलले जाऊ शकतात, अशी जागा म्हणजे प्रभाग समिती. अमृत योजनेच्या जलवाहिनीसाठी चंद्रपुरातील रस्ते खोदले गेले, तेव्हा नागरिकांना जो मनस्ताप झाला, त्यातला निम्मा खोदकामाचा होता आणि निम्मा अज्ञानाचा. खड्डा कधी बुजणार, हे सांगणारे कोणी नव्हते. बाबूपेठच्या उड्डाणपुलाने तर तेथील रहिवाशांच्या संयमाची वर्षानुवर्षे परीक्षा पाहिली. काम रखडण्यापेक्षाही ते का रखडले हे न कळणे माणसाला अधिक जाचते.

शासनाला चार शब्द सुनावल्यावर आता थोडे स्वतःकडे वळावे लागेल. इमारतीच्या नकाशात तळघर वाहनतळ म्हणून दाखवायचे, परवानगी मिळाली की तेथे दुकान किंवा गोदाम थाटायचे आणि गिऱ्हाइकांची वाहने रस्त्यावर सोडायची, हा उद्योग करणारे परग्रहावरून आलेले नाहीत. ती आपल्यातलीच प्रतिष्ठित मंडळी आहेत. दुकानासमोर गिऱ्हाइकाला जागा नाही म्हणून तक्रार करणारा व्यापारी स्वतःची मोटार सकाळी दहा वाजता त्याच दुकानासमोर लावतो आणि रात्री नऊला काढतो. धार काढून झाली की गाय रस्त्यावर सोडून देणारा, प्लास्टिक खाऊन तिचे पोट फुगले किंवा ती ट्रकखाली आली की मात्र अश्रू ढाळणारा गोपालक हाही आपलाच. आणि उत्सवाचे मंडप? अर्ध्याहून अधिक रस्ता अडवून, रुग्णवाहिकेलाही वाट न ठेवता उभा केलेला मंडप ही श्रद्धेची खूण नाही. सार्वजनिक उत्सव समाज संघटित व्हावा म्हणून सुरू झाले. त्या समाजातील आजारी, वृद्ध, बाळंतीण आणि परीक्षार्थी यांना कोंडून समाज कसा संघटित होणार? ज्या कार्यकर्त्यांचा मंडळांवर प्रभाव आहे, त्यांनी येत्या गणेशोत्सवात आपल्या मंडळाचा मंडप दोन हात आत घेऊन उदाहरण घालून द्यावे. शंभर निवेदनांपेक्षा त्याचा परिणाम अधिक होईल.

या सगळ्या गर्दीत एक वाहन दिसेनासे झाले आहे. ते म्हणजे सायकल. कोळसा खाणीतल्या पाळीवर जाणारा कामगार, शाळामास्तर, पोस्टमन, दूधवाला या सर्वांची एका पिढीपूर्वी सायकल हीच सोबतीण होती. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने गावोगाव होती आणि मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत तेथूनच सायकल शिकत. आज मध्यमवर्गीय घरात सायकल आहे, पण ती व्यायामाचे साधन म्हणून. पहाटे पाच वाजता शिरस्त्राण घालून चालवायची आणि सात वाजता घरात ठेवायची. मुलगा शिकवणीला सायकलने जातो म्हटले की आईच्या पोटात गोळा येतो आणि दहावी होण्याआधीच त्याच्या हाती स्कूटर दिली जाते. वयाचा कायदा मोडला जातो, हे आईवडिलांना ठाऊक असते. त्यांचा युक्तिवाद एवढाच की, सायकलपेक्षा स्कूटर पटकन पुढे निसटते. म्हणजे आपणच निर्माण केलेल्या भीतीतून आपण गर्दीत आणखी एक वाहन सोडतो.

शहरात ही भीती आहे, तर महामार्गाच्या काठावरच्या खेड्यात ती अधिक गडद आहे. ७ ऑगस्ट २०२५ च्या पहाटे गडचिरोली-आरमोरी महामार्गावर काटली गावाजवळ व्यायामासाठी बाहेर पडलेल्या सहा मुलांना ट्रकने चिरडले. त्यांतील चार मुले दगावली. शासनाने मदत जाहीर केली, काही काळ रास्ता रोको झाला, आणि मग वाहतूक पूर्ववत झाली. ही ‘पूर्ववत’ वाहतूकच खरा प्रश्न आहे. गावातली मुले पहाटे महामार्गावर का जातात? कारण धावायला दुसरी सपाट, मोकळी जागा त्यांना नाही. पोलीस भरती आणि सैन्यभरतीचे स्वप्न पाहणारी या जिल्ह्यातील मुले-मुली डांबरी रस्त्याच्या कडेलाच धावतात. ज्या वयात देशासाठी वर्दी घालण्याची उमेद असते, त्या वयात त्यांना देश भेटतो तो भरधाव ट्रकच्या रूपाने, ही शरमेची गोष्ट आहे.

गडचिरोली शहराची रचनाच अशी आहे की येथील प्रत्येक वाट इंदिरा गांधी चौकाशी येते. चंद्रपूर, धानोरा, चामोर्शी आणि आरमोरी या चारही दिशांचे रस्ते येथे एकमेकांना छेदतात, आणि त्यांवरून राष्ट्रीय महामार्ग ९३० व ३५३-सी जातात. १९८२ मध्ये जिल्हा झाला, कार्यालये आली, वस्ती वाढली. परंतु जिल्ह्याचे रेल्वेस्थानक अजूनही वडसा हेच आहे. वडसा-गडचिरोली या ५२ किलोमीटरच्या लोहमार्गाची वाट पाहण्यात एक पिढी गेली. रेल्वे नसल्याने सिमेंट, धान्य, बांबू, खनिज, सारे काही रस्त्यावर. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या लोहखनिजाचे उत्खनन २०२१ पासून वाढले आणि आलापल्ली-आष्टी पट्ट्यातील रस्त्यांची जी दशा झाली, ती त्या भागातील प्रवाशाला सांगायला नको. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात तांबडी धूळ. उद्योगाला आमचा विरोध नाही. रोजगार आल्याखेरीज या जिल्ह्याच्या कपाळावरचा ‘मागास’ हा शिक्का पुसला जाणार नाही. परंतु उद्योग आणि माणसाचा जीव यांत निवड करावीच लागते, हे खोटे आहे. हेडरी ते कोनसरी अशी सुमारे ८५ किलोमीटर लांबीची नळवाहिनी २०२५ मध्ये कार्यान्वित झाली आणि खनिज ट्रकऐवजी नळातून नेणे शक्य झाले. इच्छा असली की मार्ग निघतो, तो असा. प्रश्न इतकाच की, तो आधी का निघत नाही?

याच रस्त्यांवर शासनानेच दिलेल्या सायकली धावतात, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात. शाळा लांब म्हणून सुटणारे मुलींचे शिक्षण या सायकलीने टिकते. योजना उत्तमच आहे. पण एका विभागाने मुलीच्या हाती सायकल दिली आणि दुसऱ्या विभागाने ती चालवायला रस्त्याच्या कडेला हातभर जागाही ठेवली नाही, तर त्या योजनेला अर्धवटच म्हणावे लागेल. डांबराची कड आणि मुरुमाची साइडपट्टी यांत वीतभर उंचीचा फरक असतो. मागून हॉर्न वाजला की दप्तर सांभाळत, चाक सांभाळत त्या मुलीने खाली उतरायचे. ट्रक थांबत नाही. थांबते ती मुलगी.

सायकल हे गरिबीचे लक्षण आणि मोटार हे प्रगतीचे, असे मानणाऱ्यांनी युरोपातील नेदरलँड्सचा इतिहास पाहावा. आज सायकलींचा देश म्हणून तो ओळखला जातो, पण तो जन्मतः तसा नव्हता. मोटारींच्या पुरात तेथील जुनी शहरेही गुदमरली होती. १९७१ या एका वर्षात तेथे तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मृत्युमुखी पडली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. मुलांच्या हत्या थांबवा, हीच त्यांची घोषणा होती. त्या रेट्यापुढे नगरपालिकांनी आपले आराखडे बदलले. उलट आपल्याच पुण्याचे पाहा. सायकलींचे शहर म्हणून त्याचा लौकिक होता. २०१७ मध्ये तेथे सर्वंकष सायकल आराखडाही मंजूर झाला. तरी तेथील कितीतरी सायकल मार्ग मध्येच तुटतात आणि उरलेल्यांवर दुचाक्या उभ्या राहतात. आराखडा मंजूर होणे आणि तो समाजाने आपला मानणे यांत अंतर आहे, हा त्यातला धडा. छोट्या शहरांनी तो फुकटात घ्यावा.

सुदैवाने न्यायालये आता स्पष्ट बोलू लागली आहेत. सुरक्षित पादपथ हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितले. खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपयांची भरपाई संबंधित यंत्रणांनी द्यावी, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बजावले. परंतु प्रत्येक खड्ड्यासाठी न्यायालयात जावे लागणे हे लोकशाहीचे भूषण नव्हे. निवडून आलेल्यांनी ते काम स्वतःहून करावयाचे असते.

नव्या सभागृहांकडून अपेक्षा फार मोठ्या नाहीत. चंद्रपुरात परकोटाबाहेर, दरवाजांच्या जवळ वाहनतळ असावेत आणि आतील बाजारपेठेत जास्त वेळ उभ्या राहणाऱ्या वाहनाला मोबदला मोजावा लागावा. वृद्ध, अपंग आणि रुग्ण यांच्यासाठी अर्थातच सवलत हवी. मालाची चढउतार पहाटे किंवा रात्री व्हावी. नकाशात वाहनतळ म्हणून दाखवलेली तळघरे तपासून, पदाधिकाऱ्यांच्या नातेवाइकांपासून सुरुवात करून, मोकळी करावीत. हातगाडीवाल्यांना हुसकावण्याऐवजी २०१४ च्या फेरीवाला कायद्याप्रमाणे निश्चित जागा द्यावी, कारण त्यांचेही पोट रस्त्यावरच आहे. वाहतुकीत कोणताही बदल करण्याआधी पंधरा दिवस तो प्रभागात जाहीर करावा, लोकांचे ऐकावे, महिनाभर प्रयोग करावा आणि निष्कर्ष सांगावा. महामार्गांवर शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी गावांतून अवजड वाहने थांबवावीत. खाणबाधित भागांसाठी २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी उभा राहतो. ज्या ट्रकांमुळे तो निधी येतो, त्यांच्या वाटेवरील प्रत्येक शाळेपर्यंत वेगळी, झाडांच्या सावलीतली सायकलवाट त्यातून व्हावी आणि प्रत्येक मोठ्या गावाला धावण्यासाठी एक मैदान मिळावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या या प्रदेशात सावली ही चैन नाही, आणि रुंदीकरणात पहिला बळी झाडाचाच जाणार असेल तर त्या रस्त्यावर पायी वा सायकलने कोणी फिरकणार नाही.

हे सारे करण्यासाठी पैशापेक्षा पक्षाभिनिवेश बाजूला ठेवण्याची गरज अधिक आहे. वाहतुकीच्या कोंडीत अडकलेली रुग्णवाहिका आतला रुग्ण कोणत्या पक्षाचा, हे विचारत नाही. नागरिकांनीही निवेदन देऊन घरी बसू नये. प्रभागाच्या बैठकीला जावे, उत्तर मिळेपर्यंत पुन्हा जावे आणि परतताना आपले वाहन कोणाच्या वाटेत उभे नाही ना, हेही पाहावे. शहर किती पुढे गेले, याचे मोजमाप उड्डाणपुलांच्या संख्येने होत नाही. आठवीतली एखादी मुलगी एकटी सायकलवर शाळेत गेली आणि घरी तिची आई घड्याळाकडे न पाहता कामात मग्न राहिली, तर ते गाव सुधारले असे समजावे. येत्या पाच वर्षांच्या अखेरीस दोन्ही सभागृहांनी आपला हिशेब याच मापाने द्यावा.